शहरातल्या पक्ष्यांमुळे मन हलकं कसं होतं, आणि त्यासाठी काय करायचं

टेन्शन आलं की आपला हात आधी मोबाईलकडे जातो, त्याऐवजी खिडकी उघडून बघा. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2022 मध्ये 1292 लोकांच्या मोबाईल ॲपवरच्या नोंदी छापल्या, पक्षी दिसले किंवा ऐकू आले की लोकांना बरं वाटतं आणि ते काही तास टिकतंही, अगदी डिप्रेशन असलेल्यांनाही.

तर करायचं काय, सकाळी लवकर, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, इयरफोन काढून. सुरुवातीला सगळा एकच कलकलाट वाटतो, मग हळूहळू चिमणीची एकसुरी चिवचिव वेगळी कळायला लागते. मर्लिन नावाचं फ्री ॲप आवाज ओळखून देतं पण आधी स्वतःचे कान वापरा, खरी मजा त्यातच आहे.

पाणी ठेवायचं तर पसरट, उथळ भांडं घ्या आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे चिमणीला पाय रोवता येतात, ती आधी कडेला बसून मान वाकडी करून बघते, मग चोच बुडवते. पाणी रोज बदला, भांडं घासा, नाहीतर डास होतात आणि पक्ष्यांमध्ये रोग पसरतात.

कबुतरांना मात्र दाणे टाकू नका प्लीज. वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर काहींना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. साफ करताना मास्क लावा, आधी पाणी शिंपडा, कोरडं झाडू नका.