गणिताच्या चर्चेत मी काय केलं? मुलांना हे विचारताना या चुका टाळा

‘मी गणिताच्या चर्चेत भाग घेतो/घेते : नेहमी, कधीकधी, कधीच नाही.’ खाली तीन चेहरे, हसरा, मख्ख आणि रडका. हा तक्ता दर जूनमध्ये कुणीतरी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकतं, त्याखाली धडाधड अंगठे उमटतात आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात आपलीच मंडळी उभी असतात. गेल्या वर्षी एका वर्गाने भरलेला गठ्ठा मी चाळला. अडतीस मुलं, छत्तीस हसरे चेहरे. उरलेल्या दोघांतला एक गैरहजर होता आणि दुसऱ्याने तिन्ही चेहऱ्यांना मिशा काढल्या होत्या. मला विचाराल तर त्या गठ्ठ्यातलं प्रामाणिक उत्तर तेवढं एकच.

बावीस वर्षं गणित शिकवतेय, सध्या सहावी-सातवीला. वर्गात चर्चा व्हावी आणि नंतर आपण त्यात काय केलं हे मुलांनी मागे वळून पाहावं, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच त्याचं जे काही केलं जातं ते बघवत नाही.

‘भाग घेतला का?’ असं विचारणं

या प्रश्नाला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर कोण देईल? बाईंना हसरा चेहरा हवाय, एवढं सहावीच्या पोराला नक्की कळतं. शिवाय ‘नेहमी’ म्हणजे कशाच्या मानाने? सोमवारचा तास शुक्रवारी त्याला आठवत तरी असतो का? आपल्याला काल टाचणात, म्हणजे तासाच्या तयारीच्या वहीत, काय लिहिलं ते आठवत नाही.

याचं मूळ थोडं आपल्या कागदांतही आहे. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे मूल शिकत असतानाच करायच्या मूल्यमापनाची, साधनं ठरली : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन, गटकार्य हे सगळं त्या ‘इतर’च्या पोटात. जे ‘इतर’मध्ये गेलं ते फाइलपुरतं उरलं. पुढे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रक आलं, त्यातही मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन करावं असं आहे. चांगलंच आहे. पण त्याचं रूपांतर पुन्हा चौकटींत खुणा करण्यात होताना मी बघतेय.

माझी पद्धत अगदी साधी आहे, पद्धत म्हणण्यासारखीही नाही. कच्च्या वहीचं मागचं पान आणि तीन ओळी :

आधी मला वाटत होतं…
मग कोण काय म्हणालं…
आता मला वाटतं…

बस. पण या तीन ओळी त्याच दिवशीच्या, त्याच गणिताबद्दल हव्यात. एक नमुना सांगते. फळ्यावर प्रश्न होता, ०.४ मोठा की ०.३५? निम्मा वर्ग ओरडला, पस्तीस! मराठीत आपण ‘शून्य दशांश चिन्ह पस्तीस’ असं सर्रास वाचतो, मग पोरांना चारापेक्षा पस्तीस मोठे वाटले तर नवल काय? ‘तीन पाच’ असं वाचायला हवं, पण आपल्याच तोंडात ते बसत नाही. (२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. या पस्तीसबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.) एकजण म्हणाला, ०.४ म्हणजे चार पैसे आणि ०.३५ म्हणजे पस्तीस पैसे. बिचाऱ्याची चूक नाही. चार आणे, म्हणजे पंचवीस पैसे, २०११च्या जूनअखेरीस चलनातून गेले, ही मुलं त्यानंतरची. पैसा त्यांनी पुस्तकातच पाहिलाय. मग मागच्या बाकावरून एक पोरगी उठली, कोपऱ्यातली मीटरपट्टी घेऊन आली आणि म्हणाली, एक मीटरचे दहा भाग केले तर त्यातले चार इथपर्यंत येतात. तिचं बोट ४० सेंटीमीटरवर होतं. पस्तीस अलीकडे राहिले. वर्ग गप्प.

त्या दिवशीचं एका मुलीचं मागचं पान असं होतं : ‘आधी मला पस्तीस मोठे वाटत होते. मग ती पट्टी घेऊन आली. पट्टीवर चाळीस पुढे आहेत. आता मला ०.४ मोठे वाटते. पण चारच्या पुढे शून्य कुठून आला ते कळले नाही.’

ही शेवटची ओळ कुठल्या चेहऱ्यात बसणार होती? दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास मी त्या शून्यावर घेतला. टाचणात दुसरंच काही लिहिलं होतं.

बोललं म्हणजेच भाग घेतला, असं धरून चालणं

ही चूक मी स्वतः केलीय, आणि चांगली वाजतगाजत केलीय.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात पाचच जण बोलायचे, बाकीचे माना डोलवायचे. एका कार्यशाळेत ऐकलेली युक्ती मी दुसऱ्याच दिवशी वर्गात लावली. प्रत्येकाला तीन चिंचोके. बोललं की एक वाटीत टाकायचा. तिन्ही संपले की तोंड बंद. शेवटी किती उरले ते वहीत लिहायचं आणि ‘मी चर्चेत किती भाग घेतला’ यावर दोन ओळी. विषय होता : चौरस हा आयत असतो का?

पहिल्या चार मिनिटांत निम्मे चिंचोके वाटीत. ‘मला पण तसंच वाटतं.’ टक्. ‘तो बरोबर बोलला.’ टक्. ‘बाई, चौरस म्हणजे चौरस.’ टक्. एकाने ‘पाणी प्यायला जाऊ का?’ विचारून चिंचोका टाकला आणि वर वाद घातला, बोललो ना मी! मी मात्र खूश. वाटी भरतेय म्हणजे चर्चा रंगलीय. दहाव्या मिनिटाला खरा मुद्दा निघायला हवा होता, आयत कशाला म्हणायचं तेच ठरवा की आधी. पण तो ज्याने काढला असता त्याचे तिन्ही संपले होते. तो तोंडावर हात ठेवून बसला होता. नियम माझाच.

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीपुढे तास संपताना तिन्ही चिंचोके तसेच होते. तिने लिहिलं, ‘मी भाग घेतला नाही. माझे तीन उरले. पुढच्या वेळी मी बोलीन.’ वही देताना डोळे भरलेले. मी पाठीवर हात ठेवून म्हणाले, असू दे गं, पुढच्या वेळी बोल.

संध्याकाळी घरी वह्या उघडल्या. त्याच पानावर वरच्या बाजूला तिने चौरस काढला होता. खाली लिहिलं होतं, ‘आयत नाही’. ते खोडलेलं. मग बारीक अक्षरात : ‘चार काटकोन, आहेत. समोरच्या बाजू सारख्या, आहेत. म्हणजे आयत आहे. पण सगळे आयत चौरस नाहीत.’

शेवटचं वाक्य वर्गात कुणीही उच्चारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आणि त्याच पोरीकडून मी तिच्याच हाताने लिहून घेतलं होतं की तिने भाग घेतला नाही. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे वाक्य फळ्यावर लिहिशील? तिने लिहिलं. वर्गाने त्यावर वीस मिनिटं भांडण केलं. ती पुढेही फारशी बोलली नाही, आणि तिने बोललंच पाहिजे हा माझा हट्टही उरला नाही.

तेव्हापासून ‘आज मी काय केलं’ याच्या उत्तरात मी बऱ्याच गोष्टी चालवून घेते. ऐकून उत्तर बदललं. प्रश्न विचारला. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगितलं. आकृती काढून पाहिली. मनात उत्तर होतं पण बोलले नाही, आणि का बोलले नाही. शेवटचा पर्याय : ऐकत होतो पण मध्येच धागा सुटला, कुठे सुटला ते अमुक. हा पर्याय मुलांना मोकळेपणाने वापरता येईपर्यंत बाकीच्यांवर मी फार विश्वास ठेवत नाही. पहिल्यांदा एखादा पोरगा ‘छेद सारखे केले तिथे माझा धागा सुटला’ असं लिहितो, तेव्हा त्याला शाबासकी द्या. बरोबर उत्तरवाल्याला रोजच मिळते.

मुलांना आरसा दाखवायचा, आपण मात्र पाठ फिरवून उभं राहायचं

एकदा मोबाइल टेबलावर ठेवून स्वतःचा तास रेकॉर्ड करा. मी केला. पस्तीस मिनिटांत एकोणतीस वेळा ‘कळलं का?’ म्हणाले होते आणि प्रत्येक वेळी ‘होऽऽ’ यायच्या आत पुढचं वाक्य सुरू. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणसंशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती, ते वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. घशाशी शब्द येतो. मी खडू मुठीत घट्ट धरते, तेवढाच इलाज.

आपण थांबलोच नसू तर ‘तू का बोलला नाहीस’ हे पोराला कुठल्या तोंडाने विचारणार?

आणि या बारीकसारीक

घंटा व्हायच्या आधीच्या दोन मिनिटांत हे उरकणं. डबे उघडायच्या आवाजात कुणी आत्मपरीक्षण करत नाही. पाच मिनिटं काढून ठेवा, नसतील तर त्या दिवशी करूच नका.

रोज करणं. आठवड्यातून एकदा पुरे. रोज केलं की ‘मला आजची चर्चा खूप आवडली’ हे वाक्य साथीसारखं पसरतं.

त्याला गुण देणं. एक जरी गुण लावलात तरी संपलं.

लिहिलेलं न विचारता मोठ्याने वाचून दाखवणं. मुलगा पुन्हा कधी खरं लिहिणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेनाने गोल करणं. हात शिवशिवतो, माहीत आहे. आवरा.

‘कोण चांगलं बोललं’ असं विचारणं. मॉनिटरचं नाव येतं. ‘कुणाच्या बोलण्याने तू अडखळलास’ असं विचारा, मग गंमत बघा.

मध्येच आलेल्या मुलांना ‘जूनपासून माझ्यात काय बदल झाला’ लिहायला लावणं. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर पोरं. एकाने मला निरागसपणे विचारलं होतं, ‘बाई, जूनमध्ये मी तुमच्याकडं नव्हतोच की, काय लिहू?’ अशा मुलांना घरच्या बोलीत लिहू द्या. नाहीच लिहिता आलं तर शेजारी बसून सांगू द्या, तुम्ही टिपून घ्या. गणित तेच असतं.

राहता राहिले नवे, उत्साही शिक्षक. त्यांचा फोन साधारण तिसऱ्या आठवड्यात येतो. ‘मॅडम, केलं तुमचं ते तीन ओळींचं, पण पोरं नुसतं “कळलं” असंच लिहितात.’ लिहिणारच. पाचवीपर्यंत त्यांना एवढंच विचारलं गेलंय. मी अशा वेळी फळ्यावर स्वतःच्या तीन ओळी लिहिते, खऱ्या. ‘आधी मला वाटत होतं की हे सगळ्यांना येईल. मग तुमच्यातला एक म्हणाला की छेद म्हणजे काय तेच आठवत नाही. आता मला वाटतं, आपण उद्या दोन पावलं मागे जाऊ.’ बाईसुद्धा चुकतात हे दिसलं की वह्यांतली भाषा हळूहळू बदलते. हळूहळू म्हणजे महिना-दोन महिने. कुणी आठ दिवसांत करून दाखवतो म्हणाला तर तो मुलांना नमुना उत्तर उतरवून देतोय असं खुशाल समजा.

तेव्हा जूनमध्ये सुरू केलंत तर दिवाळीच्या सुट्टीआधी मला फोन करू नका. केलाच तर पोरांच्या वह्यांतली चार वाक्यं वाचून दाखवा. ‘मॅडम, तक्ता पाठवते’ म्हणालात तर मी फोन ठेवून देईन.