ऊस तुटला, आता पाला पेटवू नका

भातसुगी उरकली की खानापूरपासून चिकोडी-निपाणीपर्यंत उसाच्या तोडी सुरू होतात. टोळी फडातून बाहेर पडते आणि त्याच संध्याकाळी बांधावर काडी ओढली जाते. यंदा ती ओढू नका. एकरी 3-4 टन पाला म्हणजे पुढच्या पिकाचं खत आहे.

पाला ठेवला तर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, पिवळा पडतो, असं शेतकरी सांगतात. ते खरंच आहे. पहिल्या वर्षी नुसता पाला पसरून मीही ते भोगलं. पाल्यात नत्र फार कमी. कुजवणारे जिवाणू मग ते जमिनीतून उचलतात आणि खोडव्याच्या तोंडचा घास जातो. म्हणून त्यांना वरून खाऊ घाला.

बुडख्यांवरचा पाला सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटा. पाल्यावर एकरी 32 किलो युरिया आणि 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका. पाला कुजवणारं जिवाणू खत 4 किलो, शेणकाल्यात कालवून वेगळं शिंपडा. पाणी द्या, वापसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की पाला पायानं दाबा. मातीला चिकटला तरच तो कुजतो. महिन्याभरानं मूठभर उचलून बघा: खालच्या अंगाला पांढरी बुरशी आणि पहिल्या पावसाचा वास आला, तर काम लागलं.

गोबर गॅस असेल तर स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पातळ शेण, पाटाच्या पाण्यातून याच सरीत सोडा. शेणातला गॅस चुलीला गेला तरी नत्र स्लरीतच राहतं.

थंडीत गॅस कमी येतो, कारण आतल्या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब लागते. 20 च्या खाली ते मंदावतात. लोखंडी ड्रमची टाकी लवकर गारठते. तिला भोवतीनं पिंजराच्या, म्हणजे भाताच्या काडाच्या, पेंढ्या लावा. शेण-पाणी समप्रमाणात, उन्हात तापवलेल्या पाण्यात कालवून दुपारी घाला. गोठ्यातलं फिनेलचं पाणी टाकीत अजिबात जाऊ देऊ नका, जिवाणू मरतात. 2 घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलो शेण, म्हणजे 4-5 जनावरं हवीत.

आणि गाळ काढायला कुणीही टाकीत उतरू नका, रिकामी दिसली तरी. आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. झाकण उघडून आत दिवा धरणंही नको. माहितगार माणसाकडून पंपानंच उपसून घ्या.