ऑफिसच्या टेबलावरचा श्रिम्प टँक: या चुका टाळा

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कात किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या ऑफिसात २०-२५ लिटरचा टँक सहज मावतो. त्यात जावा मॉस आणि लाकडाला बांधलेलं अनुबियास या पाणवनस्पती, एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर आणि १०-१२ लाल चेरी श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातल्या इवल्या कोळंब्या. एवढ्याला रोज पाच मिनिटंही पुरतात. तरी असे कितीतरी टँक दोन-तीन महिन्यांत रिकामे होतात. बहुतेक वेळा टँकमध्ये काही बिघडलेलं नसतं, ऑफिसच त्याला मानवत नाही. घरी लक्ष ठेवायला आपण असतो. इथे शुक्रवारी संध्याकाळी सगळे निघाले की सोमवारपर्यंत टँक एकटा.

पेस्ट कंट्रोलची तारीख न विचारणं

सगळ्यात वाईट नुकसान यानेच होतं, म्हणून आधी हेच. फवारणी बहुधा शनिवारी, आपण नसताना होते. त्यात सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखी औषधं असतात. झुरळ आणि कोळंबी दोन्ही संधिपाद प्राणी, त्यामुळे झुरळाच्या मज्जासंस्थेवर जे चालतं ते श्रिम्पवरही चालतं, आणि तेही अगदी कणभर पुरतं. टँकवर झाकण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो.

ॲडमिनकडून वेळापत्रक मागून घ्या. तुमच्या बाजूला फवाऱ्याऐवजी जेल लावता येईल का, तेही विचारा. फवारणी होणारच असेल तर टँक दुसऱ्या खोलीत हलवा. ते शक्य नसेल तर पंप बंद करून टँक प्लॅस्टिकने घट्ट झाका आणि खोली हवेशीर झाल्यावरच पंप सुरू करा. श्रिम्प मोजके आणि झाडं भरपूर असतील तर पंप काही तास बंद राहिला तरी चालतं. श्रिम्प सैरावैरा पळू लागले, मग आडवे पडून पाय झटकू लागले, तर विषबाधा समजा. लगेच अर्धं पाणी बदला आणि फिल्टरजवळ ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

हाऊसकीपिंगच्या ताईंनाही सांगून ठेवा की टँकची काच स्प्रेने नको, ओल्या फडक्यानेच पुसायची. आपणही सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेला हात पाण्यात घालायचा नाही.

पॅन्ट्रीतलं आरओ पाणी भरणं

शुद्ध पाणी म्हणजे चांगलं पाणी, असं वाटणं साहजिक आहे. पण आरओमध्ये क्षार जवळजवळ उरतच नाहीत, आणि श्रिम्पला कवच बांधायला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं की कात टाकताना तो अडकतो. डोकं आणि धड यांच्यामध्ये पांढरी कडी दिसली तर हाच त्रास समजा. त्यातून फार थोडे वाचतात.

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला मुख्यतः भातसा-उल्हास खोऱ्यातलं. हे पावसाचं साठवलेलं पाणी फार जड नसतं. पण इमारतीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर सगळं गणित बदलतं, म्हणून मोजा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १५० ते २५० पीपीएम आणि जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) ६ ते ८ अंश असेल तर चेरी श्रिम्प खूश असतात. जीएच कमी भरला तर श्रिम्पसाठी मिळणारी मिनरल पावडर घाला. नळाच्या पाण्यात अँटी क्लोरीन, म्हणजे क्लोरीन काढणारं औषध, हवंच. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर किंवा पहिल्या पावसात पाणी गढूळ येतं, त्या दिवसांत पाणी बदलूच नका.

तरीही एका कामाला आरओ पाणीच योग्य. एसीच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, पण क्षार टँकमध्येच राहतात. ती घट नळाच्या पाण्याने भरत गेलात तर टीडीएस चढत जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओने घाला, आणि दोन आठवड्यांनी १०-१५ टक्के पाणी बदलताना नळाचं, क्लोरीन काढलेलं वापरा.

एसी आणि विजेचं बटण

चेरी श्रिम्प साधारण २० ते २६ अंशांत सुखी असतात. मे महिन्यात शनिवार-रविवार बंद राहिलेल्या काचेच्या केबिनमध्ये पाणी ३० च्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमका तेव्हाच सिक्युरिटीने मेन स्विच पाडलेला असतो. फिल्टर दोन दिवस बंद पडला की स्पंजमधले घाण पचवणारे उपयोगी जिवाणूही गुदमरतात. पंपाला यूपीएसवरचा सॉकेट मिळवा. पश्चिमेच्या खिडकीशी आणि एसीच्या थेट झोतात टँक ठेवू नका. दिव्याला टायमर लावून सहा तास पुरे. त्याहून जास्त दिला तर शेवाळ माजतं.

घाई आणि लाड

टँक भरल्यावर चार ते सहा आठवडे नुसती झाडं राहू द्या. अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) दोन्ही शून्यावर आले की मगच श्रिम्प आणा. क्रॉफर्ड मार्केटहून लोकलने आणलेली पिशवी थेट टँकमध्ये ओतू नका. एअर ट्यूबला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब त्यांच्या भांड्यात तास-दोन तास पडू द्या. नव्या झाडांवर कीटकनाशक असू शकतं, म्हणून ती आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवा.

खाऊ घालायचं काम एकाच माणसाकडे असू द्या. जेवायच्या सुट्टीत टँकपाशी येणारा प्रत्येकजण प्रेमाने चिमूटभर टाकतो, आणि त्याचाच अमोनिया होतो. काचेवर त्रिकोणी डोक्याचे पांढरे चपटे किडे सरपटताना दिसले तर खाऊ जास्त होतोय. थोडं जवळून पाहा: श्रिम्प पुढचे इवलेसे पाय अखंड चालवत मॉसवरचा सूक्ष्मजीवांचा थर वेचत असतो. टँक मुरला की तेच त्याचं जेवण. आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर पुरतं, शनिवार-रविवारी काहीच नको.

तळाशी पारदर्शक, पोकळ काहीतरी पडलेलं दिसलं तर ती टाकलेली कात. राहू द्या, श्रिम्प ती खातात. अपारदर्शक, गुलाबीसर दिसलं तर मेलेला श्रिम्प, लगेच काढा. एक मेला म्हणून सगळं पाणी बदलू नका आणि माशांचं औषध घालू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, त्याने उरलेलेही जातात. आधी अमोनिया, नायट्राइट आणि तापमान तपासा.

सगळं जमलं तर संख्या झपाट्याने वाढते. मादी पोटाखाली २०-३० अंडी तीन-चार आठवडे वागवते आणि पिल्लं थेट टँकमध्येच वाढतात. जास्तीचे श्रिम्प दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. मासुंदा, उपवन किंवा दुसऱ्या कुठल्याही तलावात सोडू नका. हा मूळचा चीन-तैवानकडचा जीव आहे, आपल्या तलावांतला नाही.