रीफ टँकमधला (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला) ब्रायोप्सिस, म्हणजे एक हिरवं शेवाळ, फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाने घालवला
पिसासारखी, दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेली हिरवी पाती असतील तरच हा उपाय. साध्या केसाळ शेवाळावर त्याचा भरवसा नाही. आधी दगड बादलीत घेऊन शेवाळ हाताने उपटा, नाहीतर मेलेलं शेवाळ कुजून नायट्रेट, फॉस्फेट चढतं. फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा बंद करा. डोस लिटरला ५ मिलिग्रॅम, तोही दगड-वाळू वजा करून उरलेल्या पाण्यावर: २१० लिटरला १५० मिलिग्रॅमच्या ७ गोळ्या, कुटून, टाकीच्याच पाण्यात कालवून संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत). स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) उतू जात असेल तर कप काढून चालवा, हवा हवीच. पहिल्या आठवड्यात फारसं काही दिसत नाही, म्हणून डोस वाढवू नका. दोन-तीन आठवड्यांत पाती फिकट पडून झडतात. मग २५ टक्के पाणी बदलून कार्बन परत. फॉस्फेट मात्र शून्यावर नेऊ नका. डायनोफ्लॅजेलेट (चिकट तपकिरी थर धरणारे सूक्ष्मजीव) टपलेलेच असतात.