थंडीत मोगरा पिवळा पडायचा, त्यावर मी काय केलं

रंकाळ्याजवळ आमचं घर, गच्चीवर मोगऱ्याच्या चार कुंड्या. दोन वर्षं ओळीनं डिसेंबर लागला की पानं पिवळी पडायची आणि मी काळजीनं आणखी पाणी घालायचे. तिथंच चुकत होतं.

कोल्हापुरात बर्फ पडत नाही, पण रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरला की मोगऱ्याची वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात. त्यात माझी माती नदीकाठची काळी, ओल धरून बसणारी. कुंडी उपडी केली तर खालची मुळं तपकिरी, मऊ, कुबट वासाची.

कुजकी मुळं कात्रीनं कापली. निम्मी माती काढून जाड वाळू आणि मुरलेलं शेणखत मिसळलं, कुंडीचं बुजलेलं भोक मोकळं केलं. आता बोट दोन पेरं मातीत घालून बघते. कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. जानेवारीअखेर फांद्या निम्म्यावर छाटल्या. आईचा जीव वरखाली होत होता, पण मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवरच येतात, छाटणी टाळू नका. फेब्रुवारीत खत दिलं, मग हळूहळू पाणी वाढवलं.

पाडव्याला देव्हाऱ्यात घरचीच फुलं होती. चौथी कुंडी मात्र वाचली नाही.