पीसी गेममध्ये डीआरएम नेमके कशाला म्हणायचे आणि ते घरी कसे तपासायचे

गेमच्या सगळ्या फाइल एकदा आपल्या डिस्कवर उतरल्या, की त्यातला एकट्याने खेळायचा भाग सुरू करताना गेम दुसऱ्या कुणाची परवानगी मागतो का, आणि ती मिळाली नाही तर अडून बसतो का, हा डीआरएम (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, म्हणजे गेमला लावलेले डिजिटल कुलूप) ओळखण्याचा खरा प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असेल, तर प्रकाशक त्या व्यवस्थेला ‘सुरक्षा’ म्हणो, ‘सेवा’ म्हणो किंवा ‘खाते जोडणी’ म्हणो, ते डीआरएमच आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर गेम कुठल्या दुकानातून घेतला याने काही फरक पडत नाही. पुण्यात शिकायला आलेली मुले कोथरूड, कर्वेनगर किंवा वाघोलीत खोली घेऊन राहतात, अनेकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवतात, आणि पॉकेटमनीतून वर्षाकाठी दोन-चार गेम घेतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न पैसे देण्याआधी सोडवण्याचा आहे, म्हणून त्याची रीत इथे सविस्तर मांडतो.

आधी डीआरएममध्ये काय मोडत नाही ते बाजूला काढू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. गेम डाउनलोड करताना खात्यात लॉगिन करावे लागते, ही दुकानदाराने आपले गिऱ्हाईक ओळखण्याची पायरी आहे. फाइल हातात आल्यावर तिचा संबंध संपत असेल तर ते डीआरएम नव्हे. इतर खेळाडूंबरोबरचे सामने सर्व्हरशिवाय होत नाहीत, हेही डीआरएम नव्हे, कारण समोरचा खेळाडू आपल्या संगणकात नसतो. ईझी अँटी-चीट, बॅटलआय किंवा व्हॅनगार्ड ही साधने सामन्यांतली लबाडी पकडण्यासाठी असतात. त्यांतली काही विंडोजच्या कर्नेलपर्यंत, म्हणजे सगळ्यात आतल्या गाभ्यापर्यंत, शिरतात, आणि त्याबद्दल चिंता वाटणे अगदी योग्य आहे, पण तो खासगीपणाचा आणि सुरक्षेचा वेगळा मुद्दा आहे. मात्र असे साधन एकट्याने खेळायचा भागही नेटशिवाय उघडू देत नसेल, तर वरच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ येते आणि तेही हिशेबात धरावे लागते. लाँचरचे, म्हणजे गेमच्या आधी उघडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे: जाहिराती दाखवणारी खिडकी ओलांडून गेमची मूळ फाइल थेट उघडता येत असेल तर ती केवळ कटकट आहे, लॉगिन केल्याशिवाय पुढे जाऊच देत नसेल तर ते कुलूप आहे.

या कुलपांची रूपे काळानुसार बदलत गेली. डिस्क जमान्याच्या सुरुवातीला गेम मॅन्युअलच्या अमुक पानावरचा अमुक शब्द विचारत असे. पुढे सीडी-डीव्हीडी ड्राइव्हमध्ये आहे का, हे तपासणारी सेफडिस्क, सिक्युरॉम आणि स्टारफोर्स ही साधने आली. २००८ साली ‘स्पोर’ या गेमने सिक्युरॉमबरोबर संगणकांच्या संख्येवर मर्यादा घातली; ती सुरुवातीला तीन होती आणि खरेदीदारांच्या संतापानंतर पाच झाली. २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’च्या पीसी आवृत्तीत सतत ऑनलाइन राहण्याची अट आणली, त्यामुळे एकट्याने चाललेला खेळही नेट गेले की मध्येच थांबत असे.

सेफडिस्कचे पुढे काय झाले ते प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या कुलपासाठी विंडोजमध्ये एक खास ड्रायव्हर लागत असे, आणि त्या ड्रायव्हरमधून संगणकाच्या सुरक्षेला भगदाड पडते हे उघड झाले होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने तो विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांवरही बंद झाला. परिणाम असा झाला की कपाटात जपून ठेवलेली, एकही ओरखडा नसलेली, रीतसर विकत घेतलेली सीडी घातली तरी गेम सुरू होईना. गेममध्ये दोष नव्हता, डिस्क शाबूत होती, खरेदीदाराचे काहीच चुकले नव्हते. फक्त परवानगी देणारा मधला दुवा नाहीसा झाला होता. डीआरएमचा खरा धोका हा आहे, आणि तो खरेदीच्या दिवशी कधीच दिसत नाही.

आजचे सर्वांत चर्चेतले कुलूप म्हणजे ऑस्ट्रियातल्या कंपनीचे डेनुवो. ते २०१४ साली ‘फिफा १५’पासून वापरात आले आणि २०१८ मध्ये ही कंपनी इर्डेटोने विकत घेतली. त्याचे काम समजून घेतले तर पुढची चाचणी नीट करता येते. गेम पहिल्यांदा चालवताना तो नेटवरून एक परवाना-फाइल आणतो आणि ती त्या संगणकाच्या हार्डवेअरशी जोडतो. त्यानंतर बराच काळ नेट नसतानाही गेम चालतो, म्हणून अनेकांना वाटते की इथे काही कुलूप नाहीच. पण प्रोसेसर बदलला, विंडोजचे मोठे अपडेट आले किंवा गेमच्या फाइल बदलल्या, की नवी परवानगी मागितली जाऊ शकते. २०२१ मध्ये इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर बाजारात आले तेव्हा त्यांतले दोन प्रकारचे कोअर पाहून काही गेममधल्या डीआरएमची अशी समजूत झाली की हे दोन वेगळे संगणक आहेत. इंटेलला अशा पन्नासाहून अधिक गेमची यादी प्रसिद्ध करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेनुवोशी संबंधित एका डोमेनची (इंटरनेटवरच्या पत्त्याची) मुदत संपल्याने, पैसे देऊन घेतलेले कित्येक गेम काही काळ उघडेनात. एका डोमेनचे नूतनीकरण राहून जाणे आणि जगभरातल्या खेळाडूंच्या संगणकावरचे गेम बंद पडणे, या दोन गोष्टींचा संबंध असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तपासणीकडे वळू. पहिली तपासणी खरेदीच्या आधी, वाचून करायची. स्टीम या व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानात गेमच्या पानावर उजव्या बाजूच्या रकान्यात बाहेरच्या डीआरएमची सूचना दिलेली असते. डेनुवो असेल तर त्याचे नाव येते, आणि बऱ्याचदा एका दिवसात पाच वेगवेगळ्या संगणकांची मर्यादाही तिथेच लिहिलेली असते. दुसऱ्या कंपनीचे खाते लागणार असेल तर तेही त्याच रकान्यात सांगितलेले असते. कर्नेलपर्यंत जाणाऱ्या अँटी-चीटची माहिती देणेही स्टीमने २०२४ पासून सक्तीचे केले आहे. हा रकाना लोक वाचतच नाहीत, सरळ किमतीवर आणि सवलतीवर जातात. पण एक गोष्ट त्या पानावर नसते: स्टीमचे स्वतःचे कुलूप गेमला लावले आहे की नाही, हे तिथे कळत नाही. त्यासाठी पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमचे नाव शोधावे. तिथे उपलब्धतेच्या तक्त्यात प्रत्येक दुकानासमोर कोणते डीआरएम आहे ते नोंदवलेले असते, आणि एकच गेम एका दुकानात कुलपासह तर दुसऱ्यात कुलपाशिवाय मिळतो, हे तिथेच लक्षात येते. ही नोंद वाचक-खेळाडूंनीच केलेली असल्याने ती कुठल्या तारखेच्या आवृत्तीची आहे तेही पाहावे, कारण प्रकाशक नंतर कुलूप काढूनही टाकतात. २०१६ च्या ‘डूम’मधून डेनुवो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढले गेले.

दुसरी तपासणी प्रत्यक्ष करून पाहायची. माझा भाचा कोथरूडला मित्रांबरोबर राहतो. त्याच्या गल्लीत रस्ता खोदताना केबल तुटली आणि नेट गेले, तेव्हा त्याने फोन करून विचारले, “मामा, गेम तर लॅपटॉपवरच आहे ना, मग हा नेट कशाला मागतोय?” त्याच्याकडे स्टीमवरून घेतलेले दोन गेम होते. मी त्याला स्टीम पूर्ण बंद करायला सांगितले. नुसती खिडकी मिटून भागत नाही; घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘एक्झिट’ म्हणावे लागते, नाहीतर स्टीम मागे चालूच राहते आणि चाचणी फसवी ठरते. मग गेमच्या फोल्डरमध्ये जाऊन गेम सुरू करणाऱ्या मूळ ईएक्सई फाइलवर थेट डबल क्लिक करायचे. फोल्डर नेट असताना आधीच शोधून ठेवावा: स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर उजवी क्लिक, ‘मॅनेज’, आणि त्यात ‘ब्राउज लोकल फाइल्स’. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या अंतराळयाने बनवण्याच्या गेमची फाइल उघडताच गेम सुरू झाला, त्याची जुनी यानेही दिसली. दुसऱ्या गेमने चौकट दाखवून खात्यात लॉगिन करायला सांगितले आणि तो तिथेच थांबला. एकाच दुकानातले, एकाच खात्यातले दोन गेम, आणि तरी एक मोकळा, एक कुलूपबंद.

एवढ्यावर निकाल देऊ नये. डेनुवोसारखे कुलूप या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते, कारण परवाना-फाइल आधीच आलेली असते. म्हणून शक्य असल्यास गेमचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन आपल्याच दुसऱ्या संगणकावर, जिथे स्टीम नाही आणि नेटही जोडलेले नाही, तिथे चालवून पाहावा. तिथे चालला तर गेम खरोखर मोकळा आहे. न चालल्यास पडद्यावर येणारा त्रुटीचा संदेश नीट वाचावा. ‘एमएसव्हीसीपी १४०’ नावाची डीएलएल फाइल सापडत नाही, असे म्हणत असेल तर त्यात डीआरएमचा दोष नाही. व्हिज्युअल सी प्लस प्लसचे मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळणारे पॅकेज त्या संगणकावर टाकलेले नाही एवढेच. डायरेक्टएक्सबद्दलचे संदेशही याच जातीचे असतात. लॉगिन, ॲक्टिव्हेशन, परवाना किंवा सर्व्हरशी संपर्क यांपैकी कशाचा उल्लेख असेल, तरच ते डीआरएम मानावे.

मधल्या एका प्रकाराबद्दल जाणकारांतही एकमत नाही. काही गेमची फाइल थेट उघडली की गेम न उघडता स्टीमच सुरू होते. याची दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे स्टीमचे कुलूप खरोखर लावलेले असते. ते स्वतः चाचेगिरी रोखण्याइतके भक्कम नाही, असे व्हॉल्व्ह कंपनीनेच गेम बनवणाऱ्यांसाठीच्या आपल्या माहितीत नमूद केले आहे. दुसरे म्हणजे गेमने यशाचे बिल्ले, क्लाउडवरचे सेव्ह अशा सोयींसाठी स्टीम चालू असावी एवढीच विनंती केलेली असते. तांत्रिकदृष्ट्या दुसरा प्रकार कुलूप नव्हे, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला मान्य आहे. पण खरेदीदाराच्या बाजूने पाहिले तर स्टीम नसताना गेम उघडत नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे, म्हणून मी दोन्हींना सौम्य डीआरएम म्हणतो. स्टीमचा ऑफलाइन मोड हा यावरचा उपाय नाही, सवलत आहे. त्यासाठीही त्या संगणकावर आधी एकदा ऑनलाइन लॉगिन करावे लागते, आणि घरगुती वापरात बहुतेकांना तेवढे पुरते.

सर्वांत कडक प्रकार म्हणजे ज्यात गेमचा काही भागच सर्व्हरवर ठेवलेला असतो. २०१४ चा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा गेम एकट्याने खेळता येत असे, पण सर्व्हरशिवाय चालत नसे. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले आणि गेम कोणाच्याच उपयोगाचा उरला नाही. विकलेले गेम असे निकामी करू नयेत, अशी मागणी करणारी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम त्यातूनच उभी राहिली. प्रकाशक म्हणतात की हा डीआरएमचा नव्हे तर गेमच्या रचनेचा भाग आहे. एकट्याच्या खेळाला सर्व्हरची गरज मुळात नव्हती आणि ती मुद्दाम लादली गेली, असे जिथे दिसते तिथे हा बचाव मी मानत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. वर सांगितलेल्या तपासणीत कुठलेही कुलूप तोडले जात नाही; गेम जसा मिळाला तसाच चालवून पाहिला जातो. क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून पसरवलेल्या फाइल मात्र वापरू नयेत. कायद्याबरोबरच त्यांतून येणारे व्हायरस हेही त्याचे कारण आहे.

तपासणी परताव्याच्या मुदतीत उरकावी. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, म्हणून डाउनलोड झाल्याबरोबर पहिल्याच दिवशी नेट बंद करून पाहावे, कथा रंगल्यावर नव्हे. तोच गेम पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट समूहाने २००८ मध्ये सुरू केलेल्या जीओजी या दुकानात असेल, तर किंमत थोडी जास्त असली तरी मी तिथून घेतो. तिथे गेम डीआरएमशिवाय मिळतात आणि ऑफलाइन इन्स्टॉलर स्वतंत्रपणे उतरवता येतो. तो इन्स्टॉलर खरेदीच्या दिवशीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा, सगळे भाग पूर्ण उतरले आहेत ना ते पाहावे, आणि दुसऱ्या संगणकावर नेट न जोडता एकदा इन्स्टॉल करून गेम उघडतो याची खात्री करून घ्यावी.