रोड बाईकवर एका मुक्कामाचं सामान

पुणे ते महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर. शनिवारी पहाटे निघायचं, खंबाटकी चढून सुरूर फाट्याला आत वळायचं, वाईत जेवायचं, दुपारी पसरणी घाट चढून मुक्काम गाठायचा आणि रविवारी परत. एवढ्यासाठी वेगळी टूरिंग सायकल घ्यायची गरज नाही, घरातली रोड बाईक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची सायकल, पुरते. फक्त या सायकलीला बहुतेक वेळा कॅरिअर लावायची भोकंच नसतात, मागचं चाक सीटच्या अगदी जवळ असतं आणि टायर 25 किंवा 28 मिमीचे असतात. त्यामुळे सामान किती घेतलं याच्याइतकंच ते कुठे आणि किती घट्ट बांधलं याला महत्त्व येतं. चार किलो सामान फ्रेमला चिकटून बसलं तर तासाभरात विसरायला होतं. दीड किलोची सैल बॅग मात्र घाटात उभं राहून पेडल मारताना प्रत्येक वेळी डावी-उजवीकडे ओढते.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापासून करा. लॉजवर राहणार असाल तर बॅगांचं स्वतःचं वजन धरून आणि पाणी सोडून चार किलोंच्या आत बसायला हवं, आणि ते बसतं. संध्याकाळसाठी एक टी-शर्ट, एक हलकी हाफ पँट, अंतर्वस्त्रं. टॉवेलऐवजी पंचा घ्या. घडी मुठीत मावते आणि रात्रीत वाळतो. हिवाळ्यात पाचगणी-महाबळेश्वरला रात्री चांगलाच गारठा असतो, तेव्हा विंडचीटर आणि कानटोपी हवीच. सायकलिंगचे कपडे दुसरे नेऊ नका. पोहोचल्याबरोबर जर्सी आणि शॉर्ट्स धुवा, पंच्यात गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली टाका, सकाळपर्यंत वाळतात. पावसाळ्यात ही खात्री नाही, तेव्हा मात्र दुसरी शॉर्ट्स घ्या, कारण शॉर्ट्समधल्या ओल्या पॅडवर 100 किलोमीटर बसलं की मांड्या सोलवटतात. याशिवाय 10,000 एमएएचची पॉवरबँक, चार्जर, ओळखपत्र, थोडी रोख रक्कम, रोजची औषधं.

दुरुस्तीच्या सामानात काटछाट करू नका: दोन ट्यूब, पंक्चर किट, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), पंप, चेन तोडायची सोय असलेला मल्टिटूल, चेनची जोडकडी आणि तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागची गिअर यंत्रणा फ्रेमला जोडणारा भाग). हँगर बोटभर लांबीचा तुकडा असतो, पण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असल्यामुळे वाटेत कुठल्याच दुकानात मिळेल असं धरून चालू नका.

पाठीवर सॅक घेऊ नका. तिचं सगळं वजन शेवटी सीटवर आणि मनगटांवर येतं, पाठ घामाने भिजते आणि वाईपर्यंत खांदे भरून येतात.

मुख्य बॅग म्हणजे सीटखालची लांब सॅडल बॅग. एका रात्रीला 8 ते 10 लिटर पुरतात. घेण्याआधी सॅडलच्या रेलपासून (सीटखालच्या दोन दांड्यांपासून) टायरपर्यंतचं अंतर मोजा. बॅग भरल्यावर दोन-तीन सेंमी खाली बसते आणि खड्ड्यात आणखी हलते, म्हणून भरलेल्या बॅगेखाली चार-पाच सेंमी मोकळी जागा राहिलीच पाहिजे. लहान मापाच्या फ्रेमवर सीट खाली असते, तिथे मोठी बॅग टायरला घासते आणि काही किलोमीटरमध्ये तळाला भोक पडतं. अशा वेळी लहान सॅडल बॅग घ्या आणि उरलेले कपडे पुढे हलवा.

ही बॅग डोलते ती बहुतेक वेळा भरण्यातल्या चुकीमुळे. सीटपोस्टकडचं (सीटच्या उभ्या दांड्याकडचं) निमुळतं टोक पोकळ राहतं आणि जड वस्तू मागच्या टोकाला जातात. मग बॅग शेपटीसारखी हलणारच. भरताना आधी रबरी चपला सपाट करून तळाशी ठेवा, टाचेची बाजू सीटपोस्टकडे. त्यांच्यामुळे बॅगेला कणा मिळतो. मग निमुळत्या टोकात चार्जर, पॉवरबँक अशा जड आणि लहान वस्तू पंच्यात गुंडाळून ठासून बसवा. कपडे एका जाड प्लास्टिक पिशवीत घालून त्यावर गुडघा टेका, हवा निघाली की तोंड बांधा आणि मागच्या भागात सरकवा. बॅगेचं तोंड किमान तीन वेळा दुमडूनच बक्कल लावा. एका दुमडीतून पाणी आत येतं. बाहेरून बोटाने दाबल्यावर कुठेही खळगा पडता कामा नये.

आता बांधणी. आधी सीटपोस्टचा वेल्क्रो घट्ट करा, मग रेलवरचे पट्टे वर आणि पुढे ओढा, आणि शेवटी पुन्हा सीटपोस्टचा. क्रम उलटा केलात तर बॅग मागे लोंबते. सीटपोस्ट कार्बनचा असेल तर वेल्क्रोखाली आधी पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवा, कारण पट्ट्यात अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. फ्रेमला जिथे पट्टे लागतात तिथेही तेच करा. अ‍ॅल्युमिनियमला जुन्या ट्यूबचा तुकडा पुरतो, आणि तो पट्टा घसरूही देत नाही.

पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून रबरबँड लावा. लोंबणारं टोक कॅसेटमध्ये (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांमध्ये) गेलं तर चाक अडकतं. याच कारणाने हूकवाल्या इलॅस्टिक दोऱ्या रोड बाईकवर वापरू नका. हूक सुटून स्पोकमध्ये गेला तर पडणं टळत नाही.

फ्रेमच्या त्रिकोणात अर्ध्या उंचीची, चिंचोळी फ्रेम बॅग बसवा. वजनदार ते सगळं इथे: हत्यारं, ट्यूब, पंप. ती सहा सेंमीपेक्षा जाड फुगली तर गुडघे घासतात. बाटल्या काढताना बॅग आड येते, म्हणून बाजूने बाटली निघणारे केज (बाटली धरणाऱ्या चौकटी) लावा. टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर) छोटी बॅग असेल तर तिच्यात खजूर, चिक्की, ओआरएस.

हँडलबारवर काही लावायचंच असेल तर दीड किलोच्या आतलं, विंडचीटरसारखं हलकं काही. दोन्ही हूडमधलं (ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी मुठींमधलं) अंतर मोजून त्यातून दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंमी सोडा. यांत्रिक, म्हणजे केबलवर चालणाऱ्या, शिमानो शिफ्टरमध्ये ब्रेकचा दांडाच आत ढकलून गिअर बदलतो, आणि रुंद बॅग असेल तर तो तिच्यावर आपटून गिअर अर्धवट पडतात. केबल बॅगेखाली दबून मुडपल्या तर गिअर जड होतात. बॅग आणि हँडलमध्ये फोमचा तुकडा घालून तेवढी जागा ठेवा. पुढे जास्त वजन घेतलं की उतारावर हँडल थरथरायचा धोकाही वाढतो. थरथर सुरू झालीच तर दोन्ही गुडघ्यांनी टॉप ट्यूब दाबून धरा, हँडल आवळू नका आणि हळूहळू वेग कमी करा.

सीटपोस्टला पकडणारे कॅरिअर मिळतात, पण कार्बन सीटपोस्टवर ते कधीच नाही. धातूच्या सीटपोस्टवरही कॅरिअरवर छापलेली मर्यादा पाळा. पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) लावले तर रोड बाईकच्या आखूड मागच्या भागामुळे टाच त्यांना लागते. एका रात्रीसाठी या भानगडीत पडू नये.

मागचा लाल दिवा सॅडल बॅगेआड जातो. तो बॅगेच्या लूपला अडकवला की वजनाने वाकून रस्त्याकडे बघतो. त्यापेक्षा सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीला, उजव्या बाजूला लावा. हायवेवर मागून येणाऱ्याला तोच दिसतो.

मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा 5 पीएसआय हवा जास्त भरा, मात्र टायर आणि रिमवरची कमाल मर्यादा ओलांडू नका. कमी हवेत खड्डा बसला की रिम आणि रस्त्यामध्ये ट्यूब चिमटते आणि दोन शेजारी-शेजारी भोकं पडतात. पसरणी उतरताना सायकल नेहमीपेक्षा उशिरा थांबते. ब्रेक सतत घासत ठेवू नका, वळणाआधी ठाम दाबून सोडा. रिम ब्रेक (रिमवरच घासणारे) असतील तर निघण्याआधी पॅड बघा.

निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण भरलेल्या सायकलीवर 20 किलोमीटर फिरून या. वाटेत गतिरोधक, खराब रस्ता आणि उभं राहून चढायचा एक चढ हवा. चढता-उतरताना पाय बॅगेला लागेल, तेव्हा सायकल आपल्याकडे तिरकी करून पाय टाकायची सवय करा. नवे पट्टे पहिल्या 10 किलोमीटरमध्ये ढिले होतातच, म्हणून प्रत्यक्ष राईडलाही कात्रज ओलांडल्यावर थांबून ते एकदा ओढून घ्या.

रविवारी सकाळी पुन्हा त्याच क्रमाने भरा. एखादा जिन्नस बाहेर राहिला तर तेवढ्यानेही बॅग सैल पडते. तोंड आणखी एकदा दुमडून पट्टे आवळा. ओला पंचा बॅगेवर वाळत घालायचा असेल तर इलॅस्टिक जाळीखाली चारही कोपरे खोचून.